अपील चालू असताना पक्षकार वारला तर : पहिल्या नव्वद दिवसांत काय करावे

आपल्या नार्वे आणि परिसरातील बऱ्याच कुटुंबांचे एखादे तरी प्रकरण कोर्टात असते. वाटेचा हक्क, कुळागराची हद्द, घराखालची जमीन, भावाभावांतील वाटणी असे त्याचे विषय असतात. दावा डिचोलीच्या दिवाणी न्यायालयात सुरू होतो, तिथून अपील उत्तर गोवा जिल्हा न्यायालयात जाते आणि कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तर दुसरे अपील पर्वरीच्या उच्च न्यायालयात. या प्रवासाला वर्षे लागतात. ज्यांनी दावा घातला त्यांच्या हयातीत निकाल लागेलच असे नाही.

घरात मृत्यू झाला की बारावे-तेरावे होते, पाहुणे परततात आणि कागदपत्रांचा विषय निघाला की घरातील वडीलधारे म्हणतात, 'वर्षश्राद्ध झाल्यावर पाहू'. भावना समजण्यासारखी आहे. पण कायदा वर्षभर थांबत नाही. त्याने दिलेली मुदत नव्वद दिवसांची आहे आणि ती मृत्यूच्या तारखेपासून मोजली जाते. माणूस गेल्याने अपील संपत नाही. नव्वद दिवस कोणी काही केले नाही म्हणून ते संपते. हा फरक सर्व सभासदांना ठाऊक असावा म्हणून ही माहिती एकत्र देत आहे.

पूर्वीची पद्धत आणि आताची

पोर्तुगीज काळातील दिवाणी पद्धतीत पक्षकार वारला की खटला थांबत असे, आणि वारसांची रीतसर ओळख कोर्टात पटल्यावर तो पुढे चाले. जुन्या मंडळींच्या बोलण्यात 'केस थांबून राहते' असे येते, त्यामागे ही पद्धत असू शकते. मुक्तीनंतर १९६५ च्या कायद्याने भारताची १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्याला लागू केली आणि १५ जून १९६६ पासून ती इथे अमलात आली. पक्षकाराच्या मृत्यूचे नियम या संहितेच्या आदेश २२ मध्ये आहेत. त्यातील नियम ११ सांगतो की दाव्याचे हे नियम अपीलालाही लागू आहेत. 'वादी' च्या जागी अपीलकर्ता आणि 'प्रतिवादी' च्या जागी अपिलातील सामनेवाला असे वाचायचे.

हक्क मागे उरतो का?

पहिला प्रश्न हा. जमीन, घर, पैसे, वाटणी, वाट यांचे हक्क माणसाबरोबर जात नाहीत. ते वारसांकडे येतात. अशा प्रकरणात अपील पुढे चालू शकते.

काही हक्क मात्र व्यक्तीपुरते असतात. बदनामीच्या नुकसानभरपाईचे उदाहरण घ्या. खालच्या कोर्टात हरलेल्या माणसाने अपील केले आणि तो वारला, तर अपील त्याच्याबरोबर संपते. पण खाली तो जिंकला होता, रकमेचा हुकूमनामा झाला होता आणि अपील समोरच्याचे होते, तर ती रक्कम आता त्याच्या मालमत्तेचा भाग आहे. वारस तिचा बचाव करू शकतात. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला आहे. म्हणजे प्रश्न एकच असला तरी खाली कोण जिंकले होते यावर उत्तर बदलते.

नव्वद अधिक साठ

१९६३ च्या मुदत कायद्यात दोन कलमे लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

कलम १२० (परिशिष्टातील): मृताचे वारस रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज मृत्यूपासून ९० दिवसांत करायचा.

कलम १२१ (परिशिष्टातील): तसा अर्ज झाला नाही तर मृतापुरते अपील आपोआप रद्दबातल होते. कायद्याच्या मराठी पुस्तकात याला 'उपशमन' म्हणतात, कोर्टाच्या व्हरांड्यात सगळे 'अबेट झाले' म्हणतात. त्यासाठी न्यायाधीशांनी वेगळा हुकूम काढावा लागत नाही. हे उपशमन रद्द करून घेण्याचा अर्ज त्यानंतर ६० दिवसांत करता येतो.

उदाहरणाने हिशेब पाहू. मृत्यू १ मार्चला झाला. तो दिवस सोडून मोजले तर नव्वदावा दिवस ३० मे येतो. तोपर्यंत अर्ज दाखल झाला तर प्रश्न नाही. नाही झाला तर अपील अबेट. त्यापुढच्या साठ दिवसांत, म्हणजे जुलैचा शेवटचा आठवडा संपण्याआधी, उपशमन रद्द करण्याचा अर्ज गेला पाहिजे. त्यानंतरही दार पूर्ण बंद होत नाही, पण मग मुदत कायद्याच्या पाचव्या कलमाखाली उशीर माफ करण्याचा आणखी एक अर्ज लागतो आणि प्रत्येक दिवसाच्या उशिराचे पटण्यासारखे कारण सांगावे लागते. शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज चालतो. पण मे महिन्याच्या सुट्टीच्या भरवशावर कोणी राहू नये.

मुदत समजल्यापासून सुरू होत नाही, मृत्यूपासून होते. 'आम्हाला ठाऊक नव्हते' हे उशीर माफ होण्याचे कारण ठरू शकते, पण त्याने तारीख बदलत नाही.

अबेट झाले तर काय होते? खालच्या कोर्टाचा निकाल तसाच कायम राहतो आणि त्याच कारणावर नवा दावा घालता येत नाही. वीस वर्षे भांडलेली जमीन एका न दिलेल्या अर्जामुळे जाते, ती इथे.

अर्ज कोणी करायचा?

अपीलकर्ता वारला तर त्याच्या वारसांनी. वडिलांनी सही केलेले वकीलपत्र त्यांच्या मृत्यूबरोबर संपते. वारसांनी नवे वकीलपत्र द्यायचे. एखादा वारस अपीलकर्ता व्हायला तयार नसेल तर त्याला सामनेवाल्यांच्या यादीत घालतात, पण तो रेकॉर्डवर असतो.

सामनेवाला वारला तर जबाबदारी अपीलकर्त्याची. सर्वांत जास्त अपिले इथे अडकतात, कारण दुसऱ्याच्या घरातील मृत्यू आपल्याला कळेलच असे नाही. समोरचा माणूस पुण्याला मुलाकडे राहायला गेलेला असतो आणि तिथेच वारतो. बँकेत वसुलीची प्रकरणे पाहताना कर्जदार गेल्याचे आम्हाला पुष्कळदा पोस्टमनच्या 'पत्ता वारला' या शेऱ्यावरून कळायचे, तेही नोटीस परत आल्यावर. म्हणून आपण अपीलकर्ते असाल तर समोरच्या बाजूचे सर्व पक्षकार हयात आहेत का, याची चौकशी दोन-तीन महिन्यांतून एकदा करावी.

१९७६ च्या दुरुस्तीने नियम १०-अ आला. पक्षकाराच्या मृत्यूची माहिती मिळाली की त्याच्या वकिलाने ती कोर्टाला कळवायची आणि कोर्टाने दुसऱ्या बाजूला नोटीस द्यायची. पण वकिलाला माहिती घरच्यांनीच द्यावी लागते.

गोव्यात वारस कोण? इथे घोटाळा होतो

इतर राज्यांतील वकील किंवा नातेवाईक सल्ला देतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा असतो. तो गोव्यात लागू नाही. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा कायदा चालतो. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी यांच्यासाठी गोव्याने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे.

त्यामुळे तीन गोष्टी वेगळ्या होतात.

एक, सामायिक मालमत्तेच्या पद्धतीने लग्न झालेल्या पती-पत्नींपैकी एक गेला तर दुसऱ्याचा अर्धा भाग हा वारसा नसतो, तो त्याचा आधीपासूनचाच असतो. मृताचा राहिलेला अर्धा भाग वारसांना जातो. म्हणून आई केवळ 'वारसांपैकी एक' नाही, तिचे स्थान वेगळे नमूद करायचे.

दोन, मुलगे आणि मुली समान वारस आहेत. लग्न होऊन पेडण्याला, मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या बहिणीचे नाव अर्जात राहून गेले तर तो अपुरा अर्ज आहे.

तीन, या मुलामुलींची लग्नेही सामायिक मालमत्तेच्या पद्धतीखाली असतील तर सुना आणि जावई यांचाही हितसंबंध निर्माण होतो. गोव्यातील दाव्यांच्या शीर्षकात प्रत्येक नावापुढे 'आणि त्यांची पत्नी' किंवा 'आणि त्यांचे पती' दिसते, त्याचे कारण हेच. वारसांच्या अर्जातही त्यांची नावे घालावीत. लग्नाआधी वेगळा करार केलेला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून विवाहनोंदीची प्रत वकिलाला दाखवावी.

मुंबईला स्थायिक झालेल्या कुटुंबांसाठी एक निकाल महत्त्वाचा आहे. झुझे पावलु कुतिन्यु यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवले की गोव्याच्या अधिवासी माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी तिचा वारसा गोव्याच्या कायद्याने ठरतो. म्हणजे अपील मुंबईच्या कोर्टात असले आणि विषय तिथल्या खोलीचा असला, तरी मृत माणूस गोव्याचा अधिवासी असेल तर वारसांची यादी या कायद्याप्रमाणेच करावी लागेल.

इन्व्हेंटरीचे काम पूर्ण होण्याची वाट पाहू नये. ती वाटणीची प्रक्रिया आहे आणि तिला वेळ लागतो. अपिलात नाव लागणे म्हणजे मालमत्तेत हिस्सा ठरणे नव्हे. ते फक्त ते अपील चालवण्यापुरते असते. 'नाव लागले तर तो हक्क सांगेल' या भीतीने भावंडांची नावे लपवणारी घरे आहेत. त्यातून हिस्सा वाचत नाही, उलट अपील धोक्यात येते. वारस कोण यावरच वाद असेल तर नियम ५ प्रमाणे कोर्ट तो ठरवते. अपिलाचे कोर्ट त्यासाठी खालच्या कोर्टाकडून चौकशी करून निष्कर्ष मागवू शकते.

अनेक पक्षकार असतील तर सगळे अपील जाते का?

कधी जाते, कधी नाही. दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

पंजाबमध्ये लाभू राम आणि नथू राम या भावांची जमीन सरकारने लष्करी कामासाठी घेतली. भरपाईचा निवाडा दोघांच्या नावे एकत्र झाला. सरकारने अपील केले. ते पडून असताना लाभू राम वारले आणि सरकारने त्यांचे वारस वेळेत आणले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितले की हुकूमनामा एकत्रित आहे. लाभू राम यांच्यापुरता तो कायम झाला असताना नथू राम यांच्यापुरता बदलला तर एकाच जमिनीविषयी एकमेकांना छेद देणारे दोन निकाल होतील. म्हणून सरकारचे संपूर्ण अपील गेले.

दुसरा निकाल सरदार अमरजितसिंग कालरा यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डिसेंबर २००२ मध्ये दिला. तिथेही भूसंपादनाची भरपाई होती, पण जमीनधारक पुष्कळ आणि प्रत्येकाचा हक्क वेगळा. काहीजण वारले म्हणून सर्वांचे अपील बुडवणे योग्य नाही, आणि प्रक्रियेचे नियम न्यायाला मदत करण्यासाठी आहेत, असे घटनापीठाने म्हटले.

तेव्हा स्वतःला प्रश्न विचारायचा : मृताला वगळून निकाल दिला तर आधीच्या निकालाशी तो विसंगत होईल का? वाटणी, सामायिक जमीन, एकच वाट अशा प्रकरणांत उत्तर बहुधा 'हो' येते. त्यामुळे चार भावांपैकी एक गेला आणि बाकी तिघे रेकॉर्डवर आहेत, एवढ्यावर स्वस्थ बसू नये. मृताचे काही वारस आधीच पक्षकार असतील तर कोर्टे सहसा अपील अबेट मानत नाहीत, तरीही त्यांची वारस म्हणून नोंद करून घ्यावी आणि राहिलेल्यांना आणावे.

उशीर झालाच असेल तर

निराश होऊ नये. पेरुमन भगवती देवस्वम या केरळमधील देवस्थानाच्या दुसऱ्या अपिलात प्रतिवादी वारले होते आणि अर्ज उशिरा आला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो उशीर माफ केला. वरच्या कोर्टात अपील दाखल होऊन वर्षानुवर्षे पडून राहते, तारखा लागत नाहीत, अशा वेळी समोरचा हयात आहे की नाही याची सतत चौकशी पक्षकाराने करावी ही अपेक्षा फार कडक धरू नये, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मात्र हलगर्जीपणा किंवा लबाडी दिसली तर ही सूट मिळत नाही.

मुंबईतील मिठाईलाल दलसंगार सिंग यांच्या २००३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की वारस आणण्याच्या अर्जातच उपशमन रद्द करण्याची मागणी गृहीत धरता येते. हा आधार आहे, पण वकिलाला तिन्ही मागण्या स्पष्ट लिहायला सांगाव्यात : वारस आणणे, उपशमन रद्द करणे, उशीर माफ करणे.

मृत्यू लपवून निकाल मिळवणे हा मार्ग नाही. मृताविरुद्ध किंवा मृताच्या नावे, वारस न आणता झालेला निकाल शून्यवत ठरतो. गुरनाम सिंग यांच्या २०१७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितले. जिंकल्यासारखे वाटते आणि अंमलबजावणीच्या वेळी हातात काही राहत नाही.

अपील अबेट होत नाही अशा स्थिती

युक्तिवाद पूर्ण होऊन निकाल राखून ठेवला असताना पक्षकार वारला तर अबेट होत नाही. निकाल दिला जातो.

हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, म्हणजे दरखास्तीत, नव्वद दिवसांचा नियम नाही. वारस ती पुढे चालवू शकतात.

खाली कैफियत न दिलेल्या किंवा हजरच न झालेल्या प्रतिवादीचे वारस आणण्यातून कोर्ट सूट देऊ शकते, पण ती निकालाआधी मागून घ्यावी लागते.

देवस्थान किंवा कोमुनिदाद पक्षकार असेल तर अध्यक्ष, मुखत्यार किंवा महाजन गेल्याने अपील अबेट होत नाही, कारण पक्षकार संस्था आहे. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याचा जीर्णोद्धार केला त्या श्री सप्तकोटेश्वराने किती पिढ्यांचे महाजन पाहिले! माणसे बदलतात, संस्था चालू राहते. फक्त नव्या पदाधिकाऱ्याच्या अधिकाराचा ठराव कोर्टात द्यायचा.

मृताला वारसच नसतील तर नियम ४-अ प्रमाणे कोर्ट योग्य व्यक्तीला त्याच्या मालमत्तेचा प्रतिनिधी नेमू शकते.

निकालानंतर पण अपील करण्याआधी माणूस वारला, तर वारस स्वतः अपील करू शकतात. जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस ही मूळ मुदत पाळायची. मुंडकार आणि कुळांची मामलेदारांसमोरील प्रकरणे त्या त्या कायद्याने चालतात; तिथे वेगळी चौकशी करावी.

वारसांना कर्जाची भीती वाटते, तिचेही उत्तर देतो. मृताविरुद्धच्या पैशांच्या हुकूमनाम्यासाठी वारस मिळालेल्या मालमत्तेपुरतेच जबाबदार असतात. रेकॉर्डवर आला म्हणून कोणाचा स्वतःचा पगार किंवा घर जात नाही.

घरच्यांनी करावयाची कामे

१. पहिल्या पंधरवड्यात वकिलाला फोन करून मृत्यूची तारीख कळवावी आणि त्याच दिवशी लेखी संदेशही पाठवावा.

२. मृत्यूचा दाखला घ्यावा. नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे होते. बांबोळीच्या इस्पितळात माणूस वारला तर गावच्या पंचायतीत दाखला मिळेल असे धरून चालू नये. चार-पाच प्रती घ्याव्यात.

३. वारसांची पूर्ण यादी करावी : नाव, वय, पत्ता, पती किंवा पत्नीचे नाव. परदेशातील भावंडांचे मुखत्यारपत्र लागल्यास त्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी सुरू करावे.

४. अल्पवयीन वारस असेल तर त्याच्यासाठी पालक नेमण्याचा अर्ज सोबत द्यावा.

५. मृत्युपत्र असेल तर ते वकिलाला दाखवावे.

६. पंच्याहत्तराव्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि त्याआधी अर्ज दाखल झाल्याची पोच मागून घ्यावी.

७. अर्ज मंजूर झाल्यावर अपिलाच्या शीर्षकात दुरुस्ती झाली का, ते पाहावे. हुकूम होऊनही दुरुस्ती राहून जाते.

हे सगळे करणे ज्यांना जड जाईल अशी वयस्क माणसे आपल्यात आहेत, आणि प्रकरण कुठल्या कोर्टात आहे हे केवळ वडिलांनाच माहीत असते. म्हणून प्रत्येक घराने आज एक कागद करून ठेवावा. त्यावर कोर्टाचे नाव, अपिलाचा क्रमांक आणि वर्ष, सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, वकिलाचा फोन आणि दोन्ही बाजूंच्या पक्षकारांची नावे असावीत. सीएनआर क्रमांक असला की न्यायालयांच्या संकेतस्थळावर घरबसल्या प्रकरणाची स्थिती पाहता येते. कागदाच्या दोन प्रती काढाव्यात. एक कपाटात ठेवावी आणि दुसरी गावाबाहेर राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी.